फक्कीची मधली रेषा

मैदानाची मधली रेषा सावंतकाका तिसऱ्यांदा आखत होते. कमरेत वाकून, डब्यातली पांढरी फक्की हलक्या हाताने सोडत. आमच्या कबड्डी मंडळाचे ते चिटणीस. मुलींचा अंतिम सामना सुरू व्हायचा होता, पण एकेक देणगीदार फोटोसाठी आपली माणसं घेऊन नेमका रेषेवरच उभा राहायचा. ते पांगले, की खाली नुसती माती उरायची.

"त्यांना जरा बाजूला उभं करा ना," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडाने सांगू? गणवेश त्यांचे, मांडव त्यांचा. दुखावले, तर पुढच्या वर्षी स्पर्धाच नाही."

दारोदार फिरून ही मंडळी मीच तर आणली होती. खेळ जगवायला बोलावलेली माणसं खेळावरच उभी राहिली, आणि आपण त्यांच्यासमोर हात जोडून उभे.

कडेला मुली वॉर्म-अप करून करून पुन्हा थंड पडल्या होत्या. अखेर त्यांना आत बोलावलं. पहिली मुलगी रेषेजवळ आली आणि काका एकदम खेकसले, "ए पोरी, रेषा पुसशील ना!"

सकाळपासून ते पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडले होते.

"सॉरी काका," म्हणत ती मागे सरकली.