साठेकाकांची दुसरी धाव

जर्मनीला निघाले तेव्हा माझी बॅग आमच्या पिंपरीच्या घरी दाराच्या कडीला ताणकाटा अडकवून तोलली होती. काटा खालच्या मजल्यावरच्या साठेकाकूंचा. काकू तो घेऊन आल्या, काका आले नाहीत. काका आणि बाबा सव्वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि मी परदेशी जाणं हे काही तो नेम मोडण्याइतकं मोठं कारण नव्हतं. काटा दीड किलो जास्त दाखवत होता. आईने डोळे पुसत लोणच्याची बरणी बाहेर काढली.

वाल्डॉर्फला येऊन बॅग उघडली तेव्हा दीड किलोचा उलगडा झाला. कपड्यांच्या तळाशी बाबांच्या कारखान्याच्या क्रिकेट टीमचं स्कोअरबुक होतं, हिरव्या पुठ्ठ्याचं, पोथीएवढं जाड. फोन केला तर म्हणाले, "अगं, तिकडे मराठी वाचायला काहीतरी हवं ना." आई ते रद्दीत घालायला टपली होती, हे खरं कारण. म्हणजे मी लोणचं सोडून एक हरलेली फायनल घेऊन परदेशी आले होते. आठवडाभर मी बाबांशी तुटक बोलले.

त्या फायनलची गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. शेवटची जोडी मैदानात, जिंकायला तीन धावा. बाबांनी चेंडू टोलवला, एक धाव झाली आणि दुसरी धावताना साठेकाका रनआउट. एका धावेने हार. बाबांच्या मते साठे पंगतीतून उठून आल्यासारखे पळाले. काकांच्या मते दुसरी धाव मुळात नव्हतीच, बाबांनी उगाच बोलावलं. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे बघत. संक्रांतीचा तिळगूळ बायकांच्या हातून पोचायचा, गोड बोलायचं तेवढं राहून जायचं.

वाल्डॉर्फमधला रविवार म्हणजे शांततेचा कायदाच. घराच्या नियमावलीत, म्हणजे हाउसऑर्डनुंगमध्ये, ड्रिल नको, वॉशिंग मशीन नको असं सगळं लिहिलेलं. मी घरात चोरपावलांनी चालायची. आणि माझ्या डोक्यावर मात्र दर रविवारी दुपारभर टक-टक-टक! चार महिने सोसलं. मग चार जर्मन वाक्यं पाठ करून वर गेले आणि आयुष्यातली पहिली जर्मन तक्रार नोंदवली.

दार उघडलं हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर यांनी. सत्तरीचे, एकटे. हायडेलबर्गच्या अमेरिकन छावणीत तीस वर्षं स्वयंपाकी होते. तिथल्या सैनिकांकडून त्यांनी दोन गोष्टी उचलल्या, इंग्रजी आणि बेसबॉल. टेबलावर पत्त्यांसारख्या कार्डांच्या चळती, तीन फासे आणि एक भलं मोठं रजिस्टर. आपल्या लहानपणीचा एक अख्खा अमेरिकन मोसम ते मॅचमागून मॅच पुन्हा खेळत होते. हे पाचवं वर्ष. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्या वर्षी तो जसा खेळला तसे त्यावर आकडे. फासे टाकायचे, आकडा जुळवायचा, लिहून ठेवायचं.

"पण निकाल तर सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं.

"आल्झो, म्हणजे असं बघ," ते म्हणाले, "तेव्हा तसं झालं. तसंच व्हायला हवं होतं असं कुठे आहे?"

आवाजाबद्दल त्यांनी माफी मागितली, टेबलावर जाड कापड घातलं आणि मला समोर बसवलं. दोन्ही संघ एकट्यानेच चालवत असल्यामुळे आपण पक्षपात करतो असा त्यांना स्वतःवरच संशय होता. तेव्हापासून माझे रविवार वरच्या मजल्यावर जाऊ लागले. बेसबॉल मला फारसा कळला नाही, पण त्यांचा सफरचंदाचा केक उत्तम असे.

एकदा मी ते हिरवं स्कोअरबुक वर नेलं. झालं! लिंडनरांनी अमेरिकन मोसम तात्पुरता थांबवला. तीन महिने मी त्यांना क्रिकेट शिकवत होते आणि ते कार्डं बनवत होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते लहान मुलासारखे उड्या मारायला लागले. फायनल पुन्हा होणार! आता जगाला कळेल!

जगाआधी ते मला कळलं. एका रविवारी लिंडनरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आठ मॅच. तुझे वडील एकदाही रनआउट नाहीत. त्यांच्या समोरचा माणूस सहा वेळा."

आयुष्यभर बाबांनी ती फायनल छातीशी धरली होती. ती त्यांच्याच आकड्यांनी हिसकावून घ्यायची, तीही मी, परदेशात बसून? "कार्ड थोडं सौम्य करता येईल का? वय झालंय हो त्यांचं."

"माझंही झालंय. कार्ड म्हणजे कार्ड." वर त्यांनी आणखी एक नियम काढला. खेळाडू हयात असेल तर त्याचे निर्णय त्यानेच घ्यायचे. "हा साठे हयात आहे?"

"आमच्या खालच्या मजल्यावर आहेत."

"मग त्याला बोलवा. तो नसेल तर फायनल नाही."

बाबा दोन आठवडे फुरंगटून बसले. तिसऱ्या आठवड्यात त्यांना आठवलं की साठ्यांचा ताणकाटा परत करायचा राहिला आहे. दोन वर्षं तो आमच्याकडे पडून होता. तो घेऊन ते स्वतः जिना उतरले. खाली काय बोलणं झालं ते आईलाही कळलेलं नाही. पण रविवारी स्काइपवर सोफ्याच्या दोन टोकांना दोघं बसले होते, मध्ये उशी, मागे आई आणि काकू.

लिंडनर टाय लावून बसले होते. मी काही सारवासारव करायच्या आत त्यांनी बाबांचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून इंग्रजीत वाचून दाखवलं. बाबांनी कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोल केलेलं. त्यांनी मला पानं एकेक करून दाखवायला लावली, चष्मा वर करून सहाही नोंदी तपासल्या. साठेकाका पंख्याकडे बघत होते.

"आकडा बरोबर आहे," बाबा शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. मला त्या क्षणी तिथे असायला हवं होतं असं फार वाटलं.

शेवटच्या जोडीपासून खेळायचं ठरलं होतं. तीन धावा हव्या. बाबांच्या नावाने फासे पडले, चेंडू लांब गेला. एक धाव झाली.

"दुसरी?" लिंडनरांनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि उशीवरून बाजूला वळले. "साठे, पळता का?"

काकांनी बराच विचार केला. "नको. इथेच बरा आहे मी."

"बरं. थांबा."

आता साठेकाका खेळणार. फासे पडले. लिंडनरांनी कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मान खाली घातली. काका क्लीन बोल्ड. एका धावेने हार. पुन्हा!

लिंडनरांनी निकाल लिहून ठेवला. मग बाबा म्हणाले, "साठ्या, या वेळी मात्र तुझ्यामुळे."

"हो रे," काका म्हणाले, "या वेळी माझ्यामुळे." आणि दोघं असे हसत सुटले की मधली उशी खाली पडली. मागे आई पदर डोळ्यांना लावून उभी होती.

पुढच्या सुट्टीत स्कोअरबुक, क्रिकेटची कार्डं आणि नवे फासे मी पिंपरीला पोचते केले. परतताना बॅगेत त्या जागी लोणचं बसलं. काटा साठेकाका स्वतः घेऊन आले होते. तो किती दाखवतोय यावरून त्यांचं आणि बाबांचं इतकं जुंपलं की टॅक्सी लागलीय हे मीच त्यांना सांगितलं.

पूर्वी मला वाटायचं, आपण निघून आलो की घर फोनशी बसून आपली वाट बघत असतं. माझ्यासारख्या इथे आलेल्या सगळ्यांना तसं वाटतं, आणि तेच वाटणं छातीवर दगडासारखं असतं. आता रविवारी दुपारी मी फोन करते, तर पलीकडून फाशांचा आवाज येतो आणि बाबा म्हणतात, "अगं, नंतर कर. साठ्या खेळतोय." माझ्या डोक्यावर लिंडनरांच्या अमेरिकन मोसमाचीही, कापडाने मंद झालेली टक-टक चालू असते. मी फोन ठेवते आणि लोणच्याची बरणी उघडते.