थांबाताई

प्रसूतिगृहातल्या त्या सर्वांत जुन्या नर्स, पण त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. नर्स, डॉक्टर, झाडूवाली, सगळ्यांच्या त्या 'थांबाताई'.

बाळ जन्मायचं, टाहो फोडायचं, पण अंग जांभळट-निळं. मग आजीच्या तोंडचं पाणी पळायचं आणि नव्या डॉक्टरचा हात ऑक्सिजनच्या नळीकडे जायचा. ताई आधी श्वास आणि ठोके बघत. ते ठीक असले की बाळाच्या उजव्या मनगटाला सेन्सरची पट्टी गुंडाळत आणि एकच शब्द बोलत, "थांबा."

पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसायचा, साठ-बासष्ट.

"साठच टक्के?" एक बाप हबकून म्हणाला होता. "मला गणितात एवढे होते."

"मग तुमच्यावरच गेलाय," ताई म्हणाल्या. "पण दहा मिनिटांत तुम्हाला मागे टाकेल. पोटात एवढ्यावरच मजेत होता तो. फुफ्फुसांतलं पाणी आत्ता कुठे हटतंय."

आणि आकडा चढायचाच.

मग त्यांच्या लेकीची वेळ आली. त्या दिवशी ताईंना काम नव्हतं. त्या नुसत्या आई म्हणून उशाशी उभ्या होत्या. नात झाली, खणखणीत रडली. निळीच होती.

"आई, अशी का गं दिसते ती?" लेकीने विचारलं.

उत्तर ताईंना झोपेतही पाठ होतं. पण पडद्यावर एकसष्ट उमटलं. कळायच्या आत त्यांचा हात नळीवर गेला होता.

"ताई," त्यांच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टर हळूच म्हणाली, "ठोके छान आहेत. थांबा."

ताईंनी हात मागे घेतला. हा एवढासा शब्द ऐकणाऱ्याला इतका जड जातो, हे त्यांना आज कळलं.

अडुसष्ट. मध्येच सहासष्ट, आणि ताईंचा जीव टांगणीला. मग त्र्याहत्तर. आधी ओठ गुलाबी झाले, मग छाती, मग पोट. कुणी काही करत नव्हतं, कुणी तिला शिकवलं नव्हतं. नऊ महिने पाण्यात राहिलेला जीव एकेक श्वास ओढून आपला आपण हवेत राहायला लागला होता. ताईंनी हे हजारदा पाहिलं होतं, पण त्यांची नजर नेहमी आकड्यावर असायची. आज त्या बाळाकडे बघत राहिल्या.

"नव्वद," डॉक्टर म्हणाली.

तळवे अजून निळसरच होते. ते सगळ्यांच्या मागून गुलाबी होतात.

"झालं का गं आई? देतेस माझ्याजवळ?" लेकीने हात पुढे केले.

ताईंनी नातीला उचलून तिच्या छातीवर ठेवलं. लेक लगेच दुपट्याची घडी नीट करायला लागली.

"थांब," ताई म्हणाल्या. "आधी बघ तिच्याकडे."