डाव्या हाताचा भाता

ऑर्गन कसला, धूडच ते! लग्नात नि जयंतीला गाणाऱ्या आमच्या पार्टीने तो एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणला होता. विजेवर चालायचा, उचलायला चौघे लागायचे, म्हणून आमच्याच घरी ठेवलेला. पार्टीचे मुख्य गायक एकच, आणि त्यांचा सगळा जीव ऑर्गनच्या एका बटणात अडकला होता. ते चालू केलं की सूर लागताना टण्ण असा घंटीचा ठोका यायचा. पार्टी गायकांचीच, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

वाजवणारा माझा थोरला भाऊ. भोकरदनला दिवसभर शिलाई मशीनवर बसायचा, पण जगायचा तो या पार्टीसाठी. मी नुकतीच जालन्याच्या आयटीआयमधून रेडिओ दुरुस्ती शिकून आले होते आणि घरात उघडता येईल ते सगळं उघडून बसत होते.

घोळ असा की दादाचा हात पेटीवर बसलेला. पेटीवाला पुढची पट्टी दाबल्याशिवाय मागची सोडत नाही, नाहीतर सूर तुटतो. आणि या शहाण्या ऑर्गनला सगळी बोटं उचलल्याशिवाय दुसरा टण्ण देणं मंजूर नव्हतं. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला एक टण्ण, पुढे शेवटपर्यंत शुकशुकाट.

गायक वैतागले. म्हणाले, "टेंभुर्णीच्या लग्नात बराबर वाजला तर ठीक. न्हाई तर मी दुसरा माणूस बघतो."

दादाचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन तो बोटं उचलून वाजवायला लागला, कोंबडी दाणे टिपते तसा. मी हसून हसून लोळले.

"हसून राह्यली का? मंग तुझं आयटीआय कव्हा कामाला येणार?"

हे मात्र झोंबलं. मी तडक ऑर्गनचं पाठचं फळकूट काढलं. आधी एक मोठा कपॅसिटर टाकून बघितला. टण्ण लांबला, पण असा लांबला की कडवं संपलं तरी घंटी घुमतच होती. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "शाळा सुटली का गं?" त्यावर दादाही हसला. मग पुन्हा वाजवत बसला.

तेव्हा मला त्याचा डावा हात दिसला. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवायचा असतो. ऑर्गनला भाता नाही, पण दादाचा हात मागे हवेत चालूच! लोक हसायचे म्हणून मी रोज त्याच्यावर खेकसायची, "दादा, तो हात मांडीवर ठेव!" आज बघितलं तर हात अगदी तालात. मी "सापडलं!" म्हणून अशी किंचाळले की दादाने घाबरून सगळ्याच पट्ट्या सोडल्या.

पट्टी दाबल्याची खबर सर्किटला एका तारेतून जात होती. ती तार क्षणभर तुटली की सर्किटला वाटायचं, बोटं उचलली. पुन्हा जुळली की टण्ण! मी ती तार कापून तिला जुन्या टॉर्चच्या दोन पितळी पट्ट्या जोडल्या, त्या आमच्या मोडक्या पेटीच्या भात्यावर बसवल्या आणि तो भाता ऑर्गनच्या पाठीला, दादाचा डावा हात पोचेल तिथे, ठोकला. भाता उघडला की तार तुटणार, दाबला की जुळणार. दादाने पट्ट्यांवर बोटं ठेवली, भाता मारला, टण्ण! पुन्हा मारला, टण्ण! आम्ही दोघं घरभर नाचलो.

टेंभुर्णीला भर दुपारी मांडवात पहिलंच गाणं सुरू झालं. बोटं पेटीवाल्याची, सूर अखंड, आणि वर समेसमेला टण्ण. गायकांनी गाता गाता मागे वळून पाहिलं आणि पुढची ओळच विसरले. तीच ओळ ते पुन्हा पुन्हा गात राहिले, लोकांना वाटलं रंगलेत, नवरीचा काका उठून नाचायला लागला. मी मांडवाच्या खांबाला धरून उड्या मारत होते.

गायकांनी कौतुकाचा एक शब्द काढला नाही. ऑर्गन जीपमध्ये चढवताना मात्र भाता त्यांनी स्वतः सोडवला आणि आपल्या उपरण्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"सांभाळून ने," ते मला म्हणाले. "परवा वडीगोद्रीला लागंल. हा हिथं राह्यला तर तुझा दादा हवेतच हात मारंल."

दादा जीपमध्ये माझ्या शेजारी बसला. त्याने डावा हात मांडीवर ठेवला, मी रोज सांगायची तसा, आणि हसता हसता रडायला लागला.