हेंककाकांची लाल फाईल

सांगतो, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता आणि सोफ्याचं कव्हर मला धुवावं लागलं होतं.

गोष्ट लॉकडाउनमधली. आम्ही तेव्हा आइंडहोव्हनला, एवढ्याशा फ्लॅटमध्ये. माझी बायको सुजाता रिसर्चमध्ये. तिच्या मीटिंगा जास्त, म्हणून डायनिंग टेबल तिला. मला काय मिळालं? इस्त्रीचं टेबल! त्यावर लॅपटॉप आणि पुढ्यात मी उभा. जरा जोरात एंटर दाबलं की माझं अख्खं ऑफिस हलायचं.

आमची कंपनी गाईंचं दूध काढणाऱ्या रोबोचं सॉफ्टवेअर करायची. हसताय काय? इकडे गाय आपल्या पायांनी रोबोपाशी जाते, रोबो तिच्या गळ्यातला पट्टा वाचून तिला ओळखतो आणि दूध काढतो. हा सगळा कारभार चालायचा सी भाषेतल्या कोडवर. आणि सी ही बाई कशी, तर दहा अक्षरांच्या डब्यात तुम्ही शंभर अक्षरं कोंबलीत तरी चकार शब्द काढणार नाही. उरलेली नव्वद शेजारच्या डब्यात सांडतात, आणि नेमकी तिथून हॅकरला आत शिरायला वाट मिळते.

नवं व्हर्जन शेतकऱ्यांकडे जायच्या आठवड्यात माझ्या बॉसचा, मारयोलाइनचा फोन आला.

"मिलिंद, पाठवायच्या आधी सगळं कोड एकदा स्कॅन कर. हेंकने टूल बसवून ठेवलंय."

हेंक म्हणजे आमचे सगळ्यात जुने इंजिनिअर, निवृत्तीला टेकलेले. घरी आम्ही त्यांना हेंककाका म्हणायचो. त्यांचं टूल कोड वाचायचं आणि धोक्याच्या ओळी लाल करायचं. कुठलं फोल्डर वाचायचं, तेवढं आपण सांगायचं.

मी काय केलं? फोल्डरचा लांबलचक पत्ता टाईप करायचा कंटाळा, म्हणून नुसतं एक टिंब दिलं. टिंब म्हणजे 'आत्ता मी ज्या फोल्डरमध्ये आहे तेच'. आता आपण नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, हे माणसाने बघावं की नाही? मी नाही बघितलं.

स्क्रीन लालेलाल! एका फाईलमध्ये तर एक ओळ धड नाही. गाईचं नाव किती लांब आहे ते न मोजताच कॉपी केलेलं. पासवर्ड कोडमध्ये उघडा लिहिलेला, आणि तोही काय, तर 'क्लारा'. म्हणजे पासवर्डही गाईच्याच नावाचा!

फाईलच्या डोक्यावर डचमध्ये एक ओळ होती. 'अल्लेस इन दित बेस्टांड इस एक्सप्रेस फाउट.' सुजाता म्हणाली, "थांब, ट्रान्सलेटरमध्ये टाकून बघते."

मी दुखावलो. डचची सरकारी परीक्षा पास झालेला माणूस मी! काठावर का होईना, पण झालो होतो.

"काही गरज नाही," मी म्हटलं. "बेस्टांड म्हणजे फाईल, फाउट म्हणजे चूक. आणि एक्सप्रेस तर आपलाच शब्द. या फाईलमधल्या सगळ्या चुका घाईत झाल्यात! अगं, त्या माणसाने लेखी कबुली दिलीय!"

मी मारयोलाइनला फोन लावला. तिच्याशी बोलणं इंग्रजीत, त्यामुळे तिच्या कानावर गेला तो माझा अनुवाद. मूळ ओळ तिने ऐकलीच नाही.

"घाईत केलंय असं स्वतः लिहिलंय?" तिचा आवाज चिरकला. "आणि हे कोड जुन्या व्हर्जनमध्येही असेल?"

"असणारच," मी म्हटलं. कशाच्या जोरावर? काही कल्पना नाही. आवाज मात्र ठाम होता.

तासाभरात नवं व्हर्जन थांबलं. शेतकऱ्यांना निरोप गेला, की रोबोचं इंटरनेट तूर्तास बंद ठेवा. फ्रीसलंडच्या एका शेतकऱ्याने जरा जास्तच धसका घेतला आणि रोबोच बंद करून टाकला. तो, त्याची बायको आणि सासू बादल्या घेऊन गोठ्यात उतरले. गाई किती? शंभरावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ मीटिंग. स्क्रीनवर चाळीस चौकोन, त्यात डायरेक्टरसुद्धा. हेंककाका सुट्टीवर होते. प्रवासाला बंदी म्हणून त्यांनी कारवान, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, स्वतःच्याच अंगणात उभा केला होता आणि त्यात राहत होते. तिथूनच ते मीटिंगला आले, हाफ पँटीत.

मी शर्ट इस्त्री केला होता. टेबल हाताशीच होतं ना!

डायरेक्टरने विचारलं, "हे कोड कोणी लिहिलं?"

"नाव लिहिलेलं नाही," मी गंभीरपणे म्हटलं, "पण कबुलीजबाब आहे." आणि स्क्रीन शेअर करून ती ओळ मी डचमध्ये, अगदी घसा खाकरून, खणखणीत वाचली.

चाळीसच्या चाळीस चेहरे थिजले. मला वाटलं, नेट गेलं.

"मिलिंद," मारयोलाइन हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा वाच."

मी पुन्हा वाचली. जास्त जोरात.

हेंककाकांनी माइक चालू केला. "मिलिंद, डचमध्ये 'एक्सप्रेस' म्हणजे घाईत नाही रे. एक्सप्रेस म्हणजे मुद्दाम. 'या फाईलमधलं सगळं मुद्दाम चुकीचं आहे.' ती फाईल माझी आहे. टूल चुका पकडतंय की नाही हे बघायला आणि नव्या लोकांना शिकवायला लिहिलीय. टूलच्याच फोल्डरमध्ये असते. आपलं कोड तू अजून स्कॅनच केलेलं नाहीस."

डायनिंग टेबलावरून सुजाता ओरडली, "तरी मी म्हणत होते, थांब!" माझा माइक चालू होता. मराठी त्यातल्या एकालाही कळत नव्हतं, पण अर्थ सगळ्यांना कळला.

डायरेक्टर म्हणाले, "फ्रीसलंडला फोन कोण करणार?" चाळीस जण माझ्याकडे बघत राहिले.

केला मी. शेतकऱ्याच्या बायकोने उचलला. दूध काढून काढून नवऱ्याची बोटं मिटेनात, म्हणून फोन तिनेच त्याच्या कानाला लावला. मी डचमध्ये माफी मागितली. तो इतकंच म्हणाला, "इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल."

मग मी मान खाली घालून, पूर्ण पत्ता टाईप करून, खरं कोड स्कॅन केलं. अख्ख्या कोडमध्ये फक्त एक लाल ओळ! गाईचं नाव न मोजता कॉपी केलेलं. हातात आयता गुन्हेगार सापडला म्हणून मी लगबगीने लेखकाचं नाव बघितलं.

मिलिंद.

नोकरीच्या अगदी पहिल्या महिन्यात लिहिली होती. ती ओळ मी हेंककाकांना पाठवली, दुसरं काय करणार? त्यांचं लगेच उत्तर आलं. "ही मी शिकवण्याच्या फाईलमध्ये घेऊ का? मुद्दाम बसून लिहिलं तरी इतकं वाईट मला जमलेलं नाही."