बारदानाची वाकळ

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये पुण्याच्या लेबर कोर्टात ज्ञानदेवची अकरावी तारीख झाली. कोर्टाला तारखांचा तोटा नव्हता, तोटा होता तो ज्ञानदेवच्या दमाला. जळोचीहून बारामतीच्या स्टँडवर यायचं तरी त्याला वाटेत दोनदा बसावं लागे.

इंदापूरच्या वाटेवर सिमेंटच्या पत्र्यांचा एक कारखाना होता. तिथं त्यानं एकोणीस वर्षं काढली, ती सगळी मिक्सरवर. गोण्या फाडायच्या आणि आतला कापसासारखा पांढरा ॲस्बेस्टॉस मिक्सरमध्ये ओतायचा. नव्वद साली खोकला लागला. दोन वर्षं टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्यावर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, की टीबी कधी नव्हताच. छातीत ती धूळ बसली होती आणि आता निघणार नव्हती.

भरपाईचा दावा लावला, तर कारखान्यानं बेधडक लिहून दिलं, की हा माणूस मिक्सरवर नव्हताच, बाहेर यार्डात पत्रे भरायचा. एकोणीस वर्षं एका ओळीत पुसली. ज्ञानदेवच्या जिव्हारी लागलं ते हेच. भरपाई मिळो न मिळो, आपण तिथं होतो एवढं तरी कुणी कबूल करावं, इतकंच मागणं आता उरलं होतं.

त्याची वकील प्रियदर्शनी, बावड्याची पोर. प्रश्न विचारून जीव खायची, पण मनानं चांगली.

“आबा, मिक्सरवाल्यांना असं काय मिळायचं, जे यार्डवाल्यांना मिळत नव्हतं?”

“खोकला,” ज्ञानदेव म्हणाला. मग जरा आठवून म्हणाला, “आन् बारदान. दर शनवारी दोन रिकामी पोती, फुकाट. गेटवर चोरी म्हनू नये म्हून स्टोअरवाला त्यावर मिक्सरचा शिक्का आन् आपला टोकन नंबर मारायचा.”

“त्यातलं एखादं पोतं हाय का घरी?”

घरात एकेकाळी सगळीकडं बारदानच होतं. न्हाणीचा आडोसा त्याचा, मिरच्या वाळत घालायच्या त्यावर, शेळीच्या अंगावरही तेच. बाकी सगळं कुजून गेलं, राहिली ती एक वाकळ. अक्काबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ती शिवली होती. पाव्हण्यांना शिक्के दिसू नयेत म्हणून छापील बाजू आत घेऊन वर जुनं लुगडं लावलेलं. बाई भारी टापटिपीची. नवं पोतं आलं, की दारातल्या दगडावर आपटून आपटून झटकल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. तिचे केस पांढरे व्हायचे, आणि शेजारची कुशाबाई हसायची, “पिठाची गिरण काढली का गं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काबाईनं अंगणात वाकळ उसवली. शिक्का आत जसाच्या तसा होता, मिक्सर, टोकन दोनशे चौदा. ज्ञानदेव त्यावरून बोट फिरवत राहिला. उसवताना अक्काबाईला ठसका लागला. तो दोघांनीही मनावर घेतला नाही, इतकी वर्षं घेतला नव्हता तसाच.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी पोतं पाहिलं, कारखान्याचं जुनं टोकन रजिस्टर मागवलं, आणि अर्जदार मिक्सरवर होता असं लिहून घेतलं. ज्ञानदेवला भरून आलं. तेवढ्यात कारखान्याच्या वकिलानं विचारलं, “म्हणजे ही धूळ तुम्हीच घरी नेलीत. पोती झटकायचं कोण?”

“आमची मंडळी,” ज्ञानदेव म्हणाला.

मागच्या बाकावर अक्काबाई पदर तोंडाला लावून खोकत होती. प्रियदर्शनीनं वळून पाहिलं आणि तिची नजर तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी ती अक्काबाईला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली.

आठवड्यानं नवराबायको प्रियदर्शनीबरोबर छातीचा फोटो घ्यायला आली. डॉक्टरांनी ज्ञानदेवचा जुना आणि तिचा नवा, दोन्ही फोटो उजेडाला धरले. तीच पांढरी जाळी.

“हिचाबी दावा लागंल ना, बाई?” ज्ञानदेवनं बाहेर आल्यावर विचारलं.

“त्या कामगार नव्हत्या, आबा. कायद्यात त्यांना जागा नाही.”

ज्ञानदेव दवाखान्याच्या पायरीवर बसला. ती पोती त्यानंच आणली होती, मोठ्या हौसेनं, शनिवारच्या शनिवारी.

“मी मिक्सरवर नव्हतो असं लिहून देतो,” तो म्हणाला. “कदीच नव्हतो. मंग तिची छाती बरी हुईल का?”

अक्काबाईनं दोन्ही फोटो पिशवीत घातले आणि त्याच्या दंडाला धरलं.

“उठा. पाचची यष्टी चुकंल.”