ना खोलीत, ना रस्त्यावर

चाळकऱ्यांनो, आज फळ्यावर सुविचार नाही. आज काय झालं ते लिहितोय, पुसू नका.

परळच्या प्रयोगशाळेत मी काय करतो, असं तुम्ही विचारता ना? पाववाल्यांच्या यीस्टमध्ये साखर फोडणारं एक एन्झाइम असतं. ते पेशीत नक्की कुठे राहतं, एवढंच दोन वर्षं शोधतोय.

आज सकाळी उत्तर मिळालं. वाळू घालून खलात घोटलेल्या पेशींनी जेवढी साखर फोडली, तेवढीच अख्ख्या पेशींनीही फोडली. म्हणजे ते आत दडलेलं नाही. पेशी गाळून उरलेल्या पाण्यातही ते सापडलं नाही. ते पेशीच्या भिंतीत आहे. आपल्या गॅलरीसारखं, खोलीबाहेर पण चाळीतच. आमचे प्रयोगशाळेतले सर जाम खूश झाले.

दुपारी शेवंतावहिनींबरोबर गोळीबाराच्या सरकारी चौकशीला गेलो. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात गोळी लागून त्यांचे यजमान, आपले गोविंददादा, गेले. तेव्हा मी दादांच्या शेजारीच उभा होतो.

"माझो घोव गॅलरीतच उभो होतो," वहिनी म्हणाल्या.

"घरात की रस्त्यावर, तेवढं सांगा," जबानी लिहून घेणारा साहेब म्हणाला.

"गॅलरी म्हणजे चाळीतच की, साहेब," मी म्हटलं.

"खोलीत नव्हता ना? मग बाहेर." त्याने लिहून टाकलं, 'रस्त्यावरच्या जमावात'. वहिनींनी अंगठा उठवला. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

उद्या सर मला निबंध लिहायला बसवणार आहेत. एन्झाइमची नेमकी जागा.

कुठल्या हाताने लिहू, सांगा.