तीजाला न गेलेली बाई

सगळ्यात आधी सांगून टाकते — मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. चौकातला उतारा ओलांडून भाजी आणलेली आहे मी. आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त लोणच्यापुरती. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी चालेल... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

रायपूरला तात्यापाऱ्यात आमचं घर. यांचे आजोबा नागपूरकडून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. रोज नवीन ऑफिस, रोज नवीन हॉटेल, भोपाळहून आलेले साहेब लोक — गाव नुसतं फुगून राहिलं होतं. त्याच वर्षी आमची शुभा अमेरिकेहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. आणि पोट्टीला डोहाळे कशाचे? मेक्सिकन जेवणाचे!

तिथे तिच्या घराजवळ मेक्सिकन नवरा-बायकोचं छोटं दुकान होतं म्हणे. मक्याची पातळ रोटी, त्यात शिजवलेला राजमा, वरून टोमॅटोची झणझणीत चटणी. तेवढंच पोटात ठरायचं. इथे वरणभात खाल्ला की उलटी, भाकरी खाल्ली की उलटी. डॉक्टरीणबाईंनी तपासून तोंड बारीक केलं. म्हणाल्या, "बच्चे का वजन नहीं बढ़ रहा. कुछ भी खिलाइए, पर खिलाइए."

मग काय, आम्ही दोघं स्कूटरवर सारं रायपूर पालथं घालायला निघालो. पंडरीकडे एक नवं चकाचक हॉटेल झालं होतं. तिथलं मेक्सिकन म्हणजे तळलेला पापड, त्यावर बाटलीतला गोड सॉस आणि किसलेलं चीज. दुसरीकडे 'मेक्सिकन पनीर' मिळालं — लालभडक आणि साखरेसारखं गोड. शुभानं वास घेतला आणि बेसिनकडे पळाली. गोल बाजारात मसालेवाल्याला तिकडच्या मिरच्या विचारल्या, तर तो म्हणे, "दीदी, दुर्ग तक की मिर्ची है, उसके आगे का नहीं मालूम." दुर्ग म्हणजे इथून तासाभराचं गाव! शेवटी मासिकातलं कात्रण समोर ठेवून मीच केलं. दोन घास खाऊन शुभानं ताट सरकवलं.

"राहू दे गं आई. तुझ्या हातचं काहीच जात नाही मले."

ती सहज बोलली. मला मात्र जिव्हारी लागलं. तिच्या लहानपणापासून गल्लीत माझ्या हाताची तारीफ, आणि पोटची पोर असं म्हणते!

त्यातच पोळा झाला आणि आमची कामवाली बिमला तीजाला गेली. इथे हे असंच. आपली हरतालिका तोच त्यांचा तीजा. भाऊ न्यायला येतो, बायका माहेरी जातात आणि शहरातल्या सगळ्या मोऱ्या भांड्यांनी तुंबतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी एक बाई उभी. "बिमला ने भेजा क्या?" मी विचारलं, आणि उत्तराची वाटही न बघता भांडी दाखवली. ती बसली घासायला. थोड्या वेळानं म्हटलं, "तू नहीं गई तीजा?"

"मोर मइके म अब कोनो नइ हे, दीदी."

माहेरी आता कुणीच नाही, म्हणाली. आणि त्यावर मी काय बोलले ठाऊक आहे? "अच्छा... कढ़ाई में राख ज़रा ज़्यादा लगा."

आत शुभाला ओकारी आली. बाईनं मान वर केली. "बेटी का खाही?" पोरगी काय खाईल, विचारत होती. मी वैतागून सगळं रामायण ऐकवलं. तिनं भाजीच्या टोपलीतली मक्याची कोवळी भुट्टी सोलली आणि परसात घेऊन गेली. नळापाशी आमचा जुना पाटा होता. मी मिक्सरवाली, त्याच्याकडे कधीची फिरकले नव्हते. स्वयंपाकघरात मला वरवंट्याची घर्रघर्र ऐकू येत होती. दारातून पाहिलं तर ती पाठमोरी, वाकून वाटत होती. मग तिनं हातावर थापून रोट्या केल्या. टोमॅटो निखाऱ्यावर भाजून, मिरची-कोथिंबीर घालून त्याची चटणी वाटली. राजमा माझा उकडलेला होताच.

शुभानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तीन रोट्या खाल्ल्या! "आई, हे तर अगदी तिथल्यासारखं आहे! कोणं केलं?"

"कोणं म्हणजे? मीच."

निघून गेलं तोंडून... आणि मग तेच धरून बसले. बाई रोज दुपारी यायची, मी ताट आत न्यायची आणि शुभा म्हणायची, "आई, तुझ्या हाताले काय झालं गं एकदम!" पोरीच्या गालावर रंग आला. डॉक्टरीणबाईही खूश झाल्या.

बाईला मी चहा देत होते. तिचा ग्लास वेगळा — खिडकीच्या कट्ट्यावरचा, काठाला पोचा आलेला. कामवाल्यांचा. ती पिऊन, धुऊन, पालथा घालून जायची. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, घरोघरी तेच होतं.

नवव्या दिवशी डोहाळजेवण केलं. नागपूरहून विहीणबाई आल्या होत्या, घर बायकांनी भरलं होतं. चटणी-रोटी खाऊन विहीणबाई म्हणाल्या, "अहो, हे कुठं शिकल्या तुम्ही?" मी फुशारले. पुस्तकं काय वाचली, किती रात्री जागले, कायच्या काय सांगितलं. तेवढ्यात बाई गरम रोट्यांचं ताट घेऊन आतल्या दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ही कोण?" विहीणबाईंनी विचारलं.

"ही? काही नाही... भांडीवाली."

तिनं ताट खाली ठेवलं आणि मागे वळली. सगळ्यांचं झाल्यावर हिला वाढू, असं मी मनात म्हटलं होतं. बायका गेल्यावर मागे पाहिलं तर ग्लास धुऊन पालथा घातलेला होता. बाई नव्हती. ती जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशीही आली नाही, त्यानंतर कधीच आली नाही.

मी तस्संच करून पाहिलं. "आज काहून असं झालं गं?" शुभा म्हणाली. पण एव्हाना तिची भूक उघडली होती, वरणभातही जायला लागला होता.

चार दिवसांनी बिमला परत आली. मी तिच्यावरच उखडले, "तेरी बाई कहाँ गई?"

"कौन बाई? मैंने तो किसी को नहीं भेजा, दीदी."

"अगं, जी रोज पाट्यावर वाटत होती!"

बिमलाचा चेहरा उतरला. रडायलाच लागली. "दीदी, वो पाटा तो होली में मेरे हाथ से टूट गया था. आप गुस्सा करतीं, इसलिए नहीं बताया." तिनं मला परसातल्या पत्र्यामागे नेलं. पाट्याचे दोन तुकडे पडले होते. मधल्या फटीतून दोडक्याचा वेल वर चढलेला, अंगठ्याएवढा जाड. नळापाशी काहीच नव्हतं.

शेजारी विचारलं. मागच्या गल्लीत दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या काकांना विचारलं. त्यांनी अशी कोणतीच बाई पाहिली नव्हती. सगळे मला उलट विचारायचे — दिसायला कशी होती, वय काय, गाव कोणतं? आणि मला हातांपलीकडे काही आठवेना. हातावर गोदना — आपलं गोंदण — होता, हिरव्या बांगड्या होत्या. चेहरा आठवतच नाही... मी तो नीट पाहिलाच नव्हता. हे म्हणाले, "तुले भास झाला." अहो, पण शुभानं नऊ दिवस खाल्लं ते काय होतं? नात धडधाकट झाली, ती काय भासावर?

शुभाला मी काही सांगितलं नाही. दरवर्षी माझ्याशी फोनवर बोलता बोलता ती तिथल्या मैत्रिणींना सांगायची, "माझ्या आईसारखी चटणी मेक्सिकोतही मिळणार नाही," आणि इकडे मी मान खाली घालून ऐकायची. नात आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात तिनं व्हिडिओ कॉलवर रेसिपी मागितली. वही-पेन घेऊन बसली होती पोरगी. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. शुभाला बोलावलं आणि सगळं सांगितलं, ग्लासासकट.

वाटलं चिडेल, नाहीतर हसेल. तिनं एकच विचारलं, "आई, तिचं नाव काय होतं गं?"

पाट्याचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. कुणाला काही समजलं तर जरूर सांगा. पण तिचं नाव मला ठाऊक नाही, त्यात भुताखेताचं काहीच नाही. नऊ दिवस ती माझ्या दारात बसली होती, आणि मी विचारलंच नाही.